गुण एक, भाव दोन

जव्हारची बाजारपेठ रात्री लवकर मिटते. आसपासच्या पाड्यांवरून आलेली गिऱ्हाइके संध्याकाळच्या गाडीने परततात, किराणा व कापडाच्या दुकानांचे दरवाजे ओढले जातात, गल्ल्याचा मेळ घातला जातो, आणि नऊनंतर रस्त्यावर एखाददुसरी मोटारसायकल काय ती जाते. मोखाड्यात निजानीज त्याहूनही लवकर. भाद्रपदात या डोंगरावरचा पाऊस अजून हटलेला नसतो. वाऱ्याच्या एका झोताने वीज जाते, आणि मोबाइलची रेंज घरातल्या कोणत्या खिडकीपाशी मिळते हे प्रत्येकाला पाठ असते. अशा गावी फुटबॉलचा चाहता असणे ही काहीशी एकाकी गोष्ट होय. मैदानावर मुले खेळतात ती टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट, नाहीतर कबड्डी. व्यापारी घरांत फुटबॉल येतो तो बहुधा नाशिकला, ठाण्याला वा मुंबईला शिकायला राहिलेल्या मुलामुलींच्या सामानाबरोबर.

रात्र जागवणे या भागाला नवे नाही. बोहाड्याची सोंगे पाहायला मोखाडा तालुक्यातील गावे पहाटेपर्यंत जागतात. पण तेथे सारे गाव जागे असते. फुटबॉलसाठी जागणारा एकटाच जागतो, आवाज बंद करून, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून तोंडावर आलेली आरोळीही गिळून. आणि सकाळी त्याला जे विचारले जाते त्याचे उत्तर त्याला सहसा देता येत नाही. काय झाले रे? बरोबरी. किती किती? शून्य शून्य. मग जागलास कशाला?

प्रश्न हिशेबी आहे, आणि हिशेबाच्या घरात तो विचारला जाणारच. ज्या उलाढालीच्या शेवटी दोन्ही बाजूंना शून्य उरते तिच्यासाठी रात्रीचे दोन तास का घालवावेत? १० सप्टेंबर २०१९ च्या रात्री दोहा येथे भारत आणि कतार यांच्यात झालेला सामना हे या प्रश्नाचे बहुधा सर्वांत चांगले उत्तर आहे. मात्र ते समजण्यासाठी पाच दिवस मागे जावे लागते.

५ सप्टेंबरला गुवाहाटी येथे भारत विरुद्ध ओमान हा विश्वचषक पात्रतेचा सामना होता. २४व्या मिनिटाला सुनील छेत्रीने गोल केला. ती आघाडी भारताने जवळजवळ तासभर जपली, पण ८२व्या आणि ९०व्या मिनिटाला ओमानच्या अल मंधारने दोन गोल केले. हातात आलेला सौदा शेवटच्या आठ मिनिटांत मोडला. असा पराभव चाहत्याला दारुण पराभवापेक्षा अधिक छळतो, कारण मोठ्या फरकाने हरलेल्या सामन्यात पुन्हा पुन्हा आठवण्यासारखे काही नसते. त्याच दिवशी कतारने अफगाणिस्तानला ६-० असे धुऊन काढले होते. पुढचा मुक्काम त्याच कतारच्या घरी.

कतार त्या वेळी आशियाचा विजेता होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने जपानला ३-१ असे हरवून आशिया चषक जिंकला होता, आणि जूनमध्ये कोपा अमेरिकात पाहुणा संघ म्हणून खेळताना पॅराग्वेला २-२ असे रोखले होते. २०२२ च्या विश्वचषकाचे यजमानपद त्याच्याकडेच असल्याने विश्वचषकातील त्याची जागा ठरलेली होती; या सामन्यांचे गुण त्याला पुढच्या आशिया चषकासाठीच हवे होते. भारताकडे मात्र त्या दिवशी छेत्रीही नव्हता. तापाने तो बाहेर बसला. आशिक कुरुनियन दुखापतीमुळे नव्हता. कर्णधाराची पट्टी गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूच्या दंडावर आली. बचावफळीत मुंबईचा राहुल भेके होता, चंडीगडचा संदेश झिंगन, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई. त्यांच्या पुढे पुन्हा गोव्याचाच रोलिन बोर्जेस. मराठी वाचकाने ही नावे जरा थांबून वाचावीत. त्या रात्री भारताच्या गोलपुढची भिंत बरीचशी मुंबई आणि गोवा यांच्यामधल्या किनारपट्टीवर घडलेली होती.

सामना आपल्याकडच्या वेळेप्रमाणे रात्री दहाला सुरू झाला. गणपती बसलेले होते, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आली होती. दोह्याच्या जसीम बिन हमाद स्टेडियमवर पोटापाण्यासाठी तेथे राहणारे भारतीयही मोठ्या संख्येने जमले होते, आणि यजमानांच्या मैदानावर पाहुण्या संघाचा गजर वेगळा ऐकू येत होता.

पहिल्या काही मिनिटांतच सामन्याचे रूप स्पष्ट झाले. चेंडू कतारचा, धावपळ भारताची. कतारने गोलच्या दिशेने वीसहून अधिक फटके मारले; भारताच्या वाट्याला त्या मानाने नाममात्र संधी आल्या. उदांता सिंगचा एक फटका थोडक्यात हुकला, एरवी भारताचा सारा वेळ आपल्याच गोलपुढे गेला. गुरप्रीतने कधी झेपावून, कधी मुठीने, कधी पायाने चेंडू परतवले. त्याच्या हातून जे निसटू शकले असते ते झिंगन आणि आदिल यांनी अंगावर घेतले. कतारचे खेळाडू दंडक्षेत्राच्या कडेपर्यंत सहज येत, तेथून दोन-चार पास इकडून तिकडे फिरवत, आणि मग अखेरच्या पासाला कोणाचा तरी पाय आडवा येई.

अशा सामन्यात चाहत्याचे मन उलटे चालू लागते. एरवी तो काहीतरी घडावे म्हणून पाहत असतो. येथे काहीही घडू नये म्हणून पाहतो. रेंज गेली आणि पडद्यावरचे चित्र गोठले, की एरवी चिडचीड होते. येथे त्या गोठलेल्या क्षणात निदान गोल तरी होत नसतो, असा बालिश दिलासा वाटतो. चित्र पुन्हा सुरू झाले की पहिली नजर खेळाकडे जात नाही, वरच्या कोपऱ्यातल्या दोन शून्यांकडे जाते. सत्तर मिनिटे झाली, शून्य-शून्य. ऐंशी झाली, शून्य-शून्य. पाच दिवसांपूर्वीचे ८२वे मिनिट त्या रात्री पाहणाऱ्या कोणाच्याही मनातून गेले नसावे. ते आले आणि गेले. नव्वदावेही गेले. जादा वेळ संपून पंचाची शिट्टी वाजली तेव्हा भारताचे खेळाडू जिंकल्यासारखे एकमेकांना बिलगले.

मराठीत सामना ‘बरोबरीत सुटतो’ असेही म्हणतात आणि ‘बरोबरीत सोडवला’ असेही. वर्तमानपत्रांत ही दोन्ही रूपे सर्रास एकमेकांच्या जागी येतात. वस्तुतः त्यांत फार अंतर आहे. सुटणे आपोआप होते. पिशवीची गाठ सुटते, दुकानाची सुट्टी सुटते. सोडवण्याला कर्ता लागतो. गहाण टाकलेला दागिना सोडवतात. दोह्याचा सामना भारताने सोडवला. आपण गहाण पडलो आहोत हे मैदानावर उतरण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होते, आणि नव्वद मिनिटे कष्ट करून तो दागिना परत घरी आणला गेला. मंदीच्या वर्षात मुद्दल शाबूत राहिले तर कोणताही जुना व्यापारी त्याला तोटा म्हणत नाही. उलट नातवंडांना सांगण्यासारख्या गोष्टींत तो त्याची गणना करतो.

खरे म्हणजे ‘मग जागलास कशाला’ असे विचारणाऱ्या पिढीला हे समजावून सांगावे लागू नये. त्याच पिढीने १९७९ च्या सप्टेंबरात ट्रान्झिस्टरला कान लावून ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस ऐकला होता. इंग्लंडने ४३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य दिले होते. सुनील गावस्करांनी २२१ धावा केल्या. भारत ८ बाद ४२९ पर्यंत पोहोचला आणि नऊ धावा, दोन गडी बाकी असताना वेळ संपली. सामना अनिर्णित. त्या निकालावर मराठी घरांनी पुढे चाळीस वर्षे बोलून घेतले आहे. क्रिकेटमधल्या अनिर्णित सामन्याचे मोल ज्याला कळते त्याला फुटबॉलमधली बरोबरी कळायला अडचण नसावी. फक्त ओव्हलवर भारत जिंकता जिंकता थांबला होता, आणि दोह्यात हरता हरता.

बरोबरीचा बाजारभाव मात्र या काळात घसरला आहे, हेही नोंदवले पाहिजे. पूर्वी फुटबॉलमध्ये विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण मिळे. म्हणजे बरोबरीची किंमत विजयाच्या निम्मी होती. इंग्लंडमधील लीगने १९८१ पासून विजयाला तीन गुण द्यायला सुरुवात केली, आणि १९९४ च्या विश्वचषकापासून तीच पद्धत जगभर रूढ झाली. बरोबरीचा एक गुण तसाच राहिला. पण निम्म्याचा तिसरा हिस्सा झाला. हेतू असा, की दोन्ही संघांनी हात राखून खेळू नये, जिंकण्यासाठी धोका पत्करावा. हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दोन तुल्यबळ संघ होते. ज्याच्यापुढे बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा आहे त्या दुबळ्याची बरोबरी त्यांनी वेगळी मोजली नाही. तक्त्याला एक गुण कसा आला हे दिसत नाही; रोजकीर्दीत रक्कम लिहिली जाते, घाम लिहिला जात नाही.

याचा दुसरा अनुभव भारतीय चाहत्याला अवघ्या पाच आठवड्यांत आला.

१५ ऑक्टोबर २०१९ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बांगलादेशाशी सामना होता. क्रमवारीत बांगलादेश १८७वा, भारत १०४वा. दोह्याच्या पुण्याईवर साठ हजारांहून अधिक लोक मैदानात आले. झिंगन सराव सामन्यात गुडघा दुखावून आधीच बाहेर पडला होता. ४२व्या मिनिटाला बांगलादेशाची फ्री किक गोलपुढे आली, गुरप्रीतचा अंदाज चुकला, आणि साद उद्दीनने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. दोह्यात ज्याच्या हातांना भारताने डोक्यावर घेतले त्याच हातांवर आता बोटे उठली. पुढची सारी संध्याकाळ भारत चेंडू पुढे नेत राहिला आणि मैदान अधिकाधिक गप्प होत गेले. ८८व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आदिल खानने डोके लावले. १-१. एका गोवेकराने चेंडू उचलून दिला, दुसऱ्याने तो जाळ्यात धाडला, आणि भारताची लाज राखली गेली.

गुण एकच. दोह्यात मिळालेला आणि कोलकात्यात मिळालेला, दोन्ही तक्त्यात सारख्याच आकड्याने बसले. काटेकोरपणे पाहिले तर कोलकात्याची बरोबरीदेखील सोडवलेलीच होती; शेवटच्या दोन मिनिटांवर आलेला पराभव आदिलने परतवला होता. तरीही मैदानातून आणि घराघरांतल्या पडद्यांसमोरून लोक उठले ते काहीतरी गमावून आल्याच्या चेहऱ्याने. चाहत्याचा आनंद निकालावर ठरत नाही, तो आदल्या रात्रीच्या अपेक्षेवर ठरतो, हे एवढ्या स्वच्छपणे क्वचितच दिसते. आणि त्यात थोडा अन्यायही आहे. बांगलादेशाच्या चाहत्यासाठी ती रात्र तशीच होती जशी आपली दोह्याची. त्याच्याही वाट्याला शेवटी एक गुण आला, पण ८८व्या मिनिटापर्यंत हातात असलेले बाकीचे दोन गेल्याची हळहळही आली.

नोव्हेंबरात ताजिकिस्तानातील दुशान्बे येथे अफगाणिस्तानशी पुन्हा १-१. तेथेही जादा वेळेत सेमिनलेन डुंगेलच्या गोलने सुटका झाली. त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. एका हंगामात तिसऱ्यांदा केलेली उधारी दुकानदारालाही नवी वाटत नाही.

मग करोनाची साथ आली आणि उरलेले सामने २०२१ च्या जूनमध्ये दोह्यातच, त्याच जसीम बिन हमाद स्टेडियमवर घेतले गेले. ३ जूनला कतारशी गाठ पडली तेव्हा १७व्या मिनिटाला राहुल भेकेला दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले. पावणेदोन वर्षांपूर्वी ज्या भिंतीचा तो एक दगड होता ती आता दहाजणांवर उभी राहिली. भारत ०-१ असा हरला, आणि एवढ्यावरच निभावले म्हणून गुरप्रीतचे पुन्हा कौतुक झाले. बांगलादेशाला छेत्रीच्या दोन गोलांनी हरवले. अखेरच्या सामन्यापूर्वी भारताचे सहा गुण होते, अफगाणिस्तानचे पाच. १५ जूनला ती लढत पुन्हा १-१ अशीच संपली आणि भारत गटात तिसरा राहून आशिया चषकाच्या पात्रतेच्या पुढील फेरीत गेला. आठ सामन्यांत सात गुण: एक विजय, चार बरोबऱ्या. गोलफरकाचा हिशेब मांडला तर दोह्याचा गुण नसता तरी तिसरे स्थान भारताकडेच राहिले असते. ज्या एका गुणासाठी देशभर इतके लोक जागले त्याने खतावणीत प्रत्यक्ष काहीच बदलले नाही. हे कळल्यावर त्या रात्रीची किंमत कमी होते का? ज्यांनी ती पाहिली त्यांना विचारावे.

ज्यांनी पाहिली, हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण भारतीय फुटबॉलचे सर्वांत जुने दुखणे पराभव नसून रिकामी आसने हे आहे. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा तेथे अवघे २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध तो आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. पाऊस कोसळत होता आणि मैदान भरले होते. मुंबईसारख्या शहरात देशाच्या संघनायकाला प्रेक्षकांची अशी विनवणी करावी लागावी, ही गोष्ट शहराला शोभणारी नव्हती. ती ऐकून भर पावसात लोक आले, ही मात्र शोभणारी होती. जव्हारहून अंधेरीपर्यंतचा रस्ता सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा आहे. दुकान सोडून, पावसात, एका सामन्यासाठी तेवढे जाणे-येणे बहुतेकांना शक्य नसते. म्हणून या डोंगरावरच्या चाहत्याची हजेरी कोणत्याही मोजणीत येत नाही. खिडकीपाशी मोबाइल धरून बसलेला माणूस प्रेक्षकसंख्येत धरला जात नाही.

त्याने पुढेही बऱ्याच बरोबऱ्या पाहिल्या. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध छेत्रीने देशाचा निरोप घेतला. १५१ सामने, ९४ गोल अशा कारकिर्दीचा तो समारोप त्या वेळी मानला गेला होता, जिंकणे अत्यावश्यक होते, आणि निकाल लागला ०-०. दोह्यातल्या शून्य-शून्यवर जल्लोष झाला होता. या शून्य-शून्यनंतर छेत्री रडत मैदानाला फेरी मारत होता आणि स्टँडमधले लोकही रडत होते. पाच दिवसांनी जसीम बिन हमादवर कतारविरुद्ध भारत ७३व्या मिनिटापर्यंत छांगटेच्या गोलने पुढे होता. तेवढ्यात गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने गोल केला, पंचांनी तो ग्राह्य धरला, आणि पुढे भारत १-२ असा हरला. त्या फेरीत पंचांच्या मदतीला व्हिडिओची सोय नव्हती. तो गोल भारतीय चाहता अजूनही बरोबरीत धरायला तयार नाही.

९ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरमध्ये आशिया चषकाच्या पात्रतेचा सामना होता. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने गोल केला. मध्यंतरानंतर लगेच, ४७व्या मिनिटाला, संदेश झिंगनला बाहेर काढले गेले. दहा जणांनी जवळजवळ पाऊण तास तग धरला आणि ९०व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. दोह्याच्या रात्रीनंतर इतक्या मनापासून साजरी झालेली बरोबरी हीच. परतीचा सामना पाचच दिवसांनी, गोव्यात, फातोर्ड्याला, म्हणजे आपल्याच घरात होता; आता काटा आपल्या बाजूला झुकला आहे असे सर्वांना वाटत होते. १४व्या मिनिटाला छांगटेने गोल केला. ४४व्या आणि ५८व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन. उरलेला अर्धा तास भारताला आणखी एक गोल पुरेसा होता, निदान आणखी एका बरोबरीसाठी, आणि तो झाला नाही. २०२७ च्या आशिया चषकाची वाट तेथेच बंद झाली.